तेरावा दिवस

पोटा, आज तेरावा दिवस.
व्हॅनिला, व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला,
पाकिटातली पूड पाण्यात ढवळून
दिवसातून चारदा तुला दिली.
यकृत आकसायला हवं म्हणे,
नाहीतर ते दुर्बिणीच्या वाटेत येतं.
मला हसू आलं. मी जन्मभर वाटेतच आलेय,
चर्चच्या बाकावर, फेरीच्या जिन्यात,
वर्नाच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत.

लिएंडर शेडमध्ये जाऊन जेवतो,
मला वास येऊ नये म्हणून.
परत येतो तेव्हा विचारते, काय खाल्लंस?
म्हणतो, काही नाही.
ओठात एक, स्वेटरला दुसराच वास.

पाव भाजायची मोठी कढई डल्सीला देऊन टाकली.
शाळेच्या स्वयंपाकघरात सांगितलं, पित्ताशयाचं आहे.
खरं सांगितलं असतं तर मेबल म्हणाली असती,
हा तर सोपा रस्ता.
मेबलला हा रस्ता एकदा चालायला द्यावा,
नुसता घरापासून पोस्टापर्यंत, माझ्या गुडघ्यांवर.

महिनाभर आधी सराव केला तो आठवतो?
उकडलेल्या बटाट्याचा एक घास, पंचवीस वेळा चावायचा.
सतराव्यालाच तो नाहीसा होतो.
उरलेले आठ मी नुसतीच चावत बसायचे,
कुणी पाहत नाही ना, ते बघत.

फोनवरची मानसतज्ज्ञ मुलगी होती, आवाजावरून तिशीतली.
म्हणाली, ड्रुसिला, उद्या दुःख आलं
आणि खाता आलं नाही, तर काय कराल?
मी म्हटलं, विणकाम.
तिने ते लिहून घेतलं. टकटक ऐकू आली.

विणकाम!
ज्या उन्हाळ्यात सरकारने कॉड धरणं बंद केलं
त्या उन्हाळ्यात बाबांची होडी किनाऱ्यावर पालथी पडली,
आणि बाबा खिडकीत.
आई पावाचं पीठ तळायची, वर काकवी.
बाबा ताटाकडे वळायचेसुद्धा नाहीत.
मी चौदा वर्षांची. त्यांच्या वाट्याचं मी खायचे,
रिकामं ताट बघून आईला बरं वाटावं म्हणून.
त्या वर्षी आमच्या घरात कुणी रडलं नाही.
सगळं तूच पोटात घातलंस.

आता तुझे पाचातले चार भाग कापून नेणार.
केळ्याएवढा उरशील.
मी विचारलं, कापलेलं कुठे जातं?
आधी तपासायला, मग भट्टीत.
तो उन्हाळा कुठल्या भागात आहे,
जाणाऱ्या की राहणाऱ्या,
हे मात्र विचारायचं राहिलं.

बॅगेत मऊ चपला, ओठांचं मलम, लांब वायरचा चार्जर,
रात्री श्वास ढकलणारं यंत्र,
परतीच्या वाटेवर पट्ट्याखाली धरायला उशी.
बिस्किटांच्या डब्यात मृत्युपत्र. लिएंडरला माहीत आहे.
डबा उघडताना त्याने बिस्किटं शोधली, ते मी पाहिलं.

आज सकाळची फेरी.
पलीकडच्या धक्क्याचं नावच फेअरवेल.
ज्याने ठेवलं त्याला काय ठाऊक.
मग पाच तास गाडी, सेंट जॉन्सपर्यंत.
गॅंडरच्या पुढे एक मूस रस्त्यात उभा राहिला,
अवाढव्य, निवांत.
लिएंडरने भोंगा वाजवला नाही.

लॉजच्या न्हाणीत दिलेला साबण, लाल, दवाखान्याच्या वासाचा.
रात्री एकदा, पहाटे एकदा.
घडी उचलायची, आत धुवायची, कोरडी करायची.
शाळेची पातेली मी यापेक्षा मायेने घासली आहेत
अठ्ठावीस वर्षं.
आज तुझ्यावर हात सावकाश फिरला.
तू गरम होतास. इतका गरम?
अंगठीही निघाली, फेसासकट,
अकरा वर्षांनी. बोटावर पांढरा चर.

बारानंतर पाणीही नाही.
अकरा पन्नासला एक घोट घेतला,
तोंडात धरला,
पंचवीस मोजले,
मग तुझ्याकडे सोडला.

पोचला का?